कापडाची आतली बाजू

“आणि नाक?”

“सर, त्रास डोळ्याचा आहे.”

“ते दिसतंय. मी नाकाचं विचारलं.”

श्रेणिकने काळा चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला, आणि नुसताच हातात धरून बसला. उजवा डोळा लालभडक झाला होता. पापणी सुजली होती आणि अख्खा डोळा खोबणीतून कुणीतरी मागून ढकलल्यासारखा पुढे आला होता.

रणनवरे सर बाकावर त्याच्या शेजारी बसले होते. समोर खुर्ची टाकून बसणं त्यांना कधी जमलंच नाही.

प्रवरेच्या काठच्या त्या गावात डॉक्टर शांतवन रणनवरे यांचा डोळ्यांचा दवाखाना होता. तीन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीत एक लांबलचक बाक. सरांचं वय ऐंशीच्या घरात. दवाखान्यात नंबर नाही, चिठ्ठी नाही. सर चहाचा कप घेऊन बाकावर येऊन बसायचे, शेजारच्याची विचारपूस करायचे आणि अधूनमधून एवढंच म्हणायचे, “आणि?” माणूस आणखी काहीतरी सांगायचा. सर पुन्हा म्हणायचे, “आणि?” ज्या ‘आणि’ला काही उत्तर येत नाही तिथे बोलणं संपलं असं धरून माणसाला आत न्यायचे. मग डोळा बघायचे.

श्रेणिक उपाध्ये इथेच शिकला होता. त्या काळात या ‘आणि’चा त्याला मनस्वी कंटाळा यायचा. मोतीबिंदू दारातून दिसतोय आणि सर म्हाताऱ्याच्या सुनेचं बाळंतपण ऐकत बसलेत! आता तो पुण्यातला नावाजलेला सर्जन होता. डोळ्याच्या मागे, खोबणीच्या आत हात घालणारी जी थोडी माणसं असतात त्यांतला एक. परदेशातून त्याला भाषणांना बोलावत. माणसाच्या तोंडाला दोन मिनिटं लागतात आणि डोळा दोन सेकंदांत खरं सांगतो, असं तो आपल्या विद्यार्थ्यांना सांगे आणि विद्यार्थी ते लिहून घेत.

आज मात्र तो पहाटेच निघून, कुणाला न सांगता, एकटा गाडी चालवत आला होता. अर्धी वाट एक डोळा मिटून. दोन्ही डोळे उघडले की रस्त्याचे दोन रस्ते होत होते.

आल्या आल्या तो सरळ आतल्या दाराकडे निघाला होता. बाकावरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने त्याला हटकलं.

“पाव्हणं, आत न्हाई जायाचं. आधी बाकावं बसायचं.”

“मी डॉक्टर आहे.”

“असा ना. बसा.”

आणि नाइलाजाने तो बसला होता.

“आणि नाक?” सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“एसीमुळे कोरडं पडतं. खपल्या धरतात. कधी थोडं रक्त येतं, सगळ्यांनाच येतं. सर, जरा हळू बोला ना...” त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा मुद्दाम नदीकडे बघत होता.

“मी हळूच बोलतोय. तू मात्र मघापासून मान वळवून डावा कान पुढे करतोयस.”

“विमानप्रवास फार झालाय. उजव्या कानाला दडा बसलाय.”

“आणि?”

“काही नाही.”

“आणि?”

“...गुडघे. दिवसभर ऑपरेशनला उभं राहून दुखतात.”

“आणि?”

“सर, मी पेशंट नाही!”

बाकावरच्या दोघीतिघींनी माना वर केल्या. सरांनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

“मग आलास कशाला?”

दोन महिने श्रेणिकने हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. गेल्या आठवड्यात ऑपरेशन करताना त्याला एका सुईच्या दोन सुया दिसल्या. चिमट्यात धरली ती खोटी निघाली. पाठ दुखतेय असं सांगून त्याने ते काम सहकाऱ्याकडे सोपवलं, आणि हात धुण्याच्या बेसिनपाशी नळ मोठा सोडून उभा राहिला. त्याला भीती वाटत होती. एक डोळा गेला की सर्जन संपला, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

“खोबणीत सूज आहे सर. स्कॅन मीच केलाय, कुठेही नाव न घालता. गोळ्या घेतल्या की उतरते. बंद केल्या की पुन्हा चढते. मागचा एक तुकडा काढून तपासायला हवा. पुण्यात कुणाकडे गेलो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळेल. तुम्ही काढा. गुपचूप. परवा माझे आठ डोळे आहेत.”

“तुझे आठ डोळे.”

“म्हणजे आठ ऑपरेशनं.”

“समजलं मला.”

सरांनी कप खाली ठेवला.

“बघू. चल, झोप आत.”

श्रेणिकला हायसं वाटलं. ऑपरेशनची ती खोली तशीच होती. उकळत्या पाण्याचा, स्पिरिटचा वास, कोपऱ्यात हात पुसायचे पंचे. टेबलावर तो आपण होऊन आडवा झाला. या टेबलाच्या या बाजूने छत कसं दिसतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. एका पत्र्याला गंज चढला होता.

सरांनी कपाटातून कापड काढलं. डोळ्याच्या ऑपरेशनला वापरतात ते, मधोमध भोक असलेलं. भोकातून डोळा तेवढा दिसतो, बाकीचा चेहरा झाकला जातो. एकेकाळी हिरवं असावं, उकळून उकळून पांढुरकं झालं होतं. श्रेणिकला एकदम आठवलं, शिकत असताना सर त्याला नेहमी टोकायचे: हात चांगला आहे तुझा, पण कापड फार लवकर टाकतोस. सरांच्या खोलीत एक रिवाज होता. कापड टाकण्याआधी माणसाकडे बघायचं, त्याला नावाने हाक मारायची, तो ‘ओ’ म्हणाला की मगच कापड. श्रेणिकला त्यात वेळ जातो असं वाटायचं.

आज सरांनी त्याला हाक मारली नाही. कापड टाकलं. नाकावर, गालावर, हनुवटीवर नीट चापून बसवलं.

“काय दिसत असेल मला?” वरून आवाज आला.

“उजवा डोळा पुढे आलेला. पांढरा भाग लाल. वरची पापणी सुजलेली. बाहेरच्या बाजूला वळताना अडकतोय.”

“आणखी?”

“भोकातून आणखी काय दिसणार सर?”

“बरोबर आहे.”

श्रेणिक वाट बघत राहिला. सुई टोचेल, थेंब पडेल, काहीतरी होईल. काहीच होईना. कापडाखाली हवा गरम झाली. नाकाने श्वास घेऊन पाहिला, आतच येईना. दोन्ही नाकपुड्या बंद. मग तोंड उघडलं. कापड ओठांना चिकटलं. आपण हजारो लोकांना असं झाकून ठेवलंय, त्यांतलं कुणी कधी असं गुदमरलं असेल का, असा प्रश्न त्याच्या मनात पहिल्यांदा आला. आणि तो विचार पुरा व्हायच्या आत नाकात काहीतरी हुळहुळलं आणि त्याला सणसणीत शिंक आली.

“सर... काढा. काढा हे!”

सरांनी कापड उचललं. श्रेणिक उठून बसला, धापा टाकत. सरांनी कापड उलटं केलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

वरची बाजू स्वच्छ होती. आतल्या बाजूला, नाकाच्या जागी, रक्त होतं. ठिपके नव्हेत, चांगला तळहाताएवढा शिंतोडा, आणि त्यात काळपट खपल्या.

श्रेणिक कापडाकडे बघत राहिला.

“एसी,” सर म्हणाले.

...

मग सरांनी त्याच्या हातात एक प्लास्टिकचा पेला दिला आणि परसातल्या संडासाकडे बोट केलं. श्रेणिकने ‘कशाला’ म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. तो गेला आणि आला. सरांनी पेल्यात तपासणीची पट्टी बुडवली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली. दोघे तिच्याकडे बघत उभे राहिले.

पट्टीवरचे दोन पिवळे चौकोन हिरवे झाले. एक रक्ताचा, एक प्रथिनांचा; मूत्रपिंडं गळत होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे वाचता येतं.

“फेस येत होता?”

“...येत होता. वाटलं, पाणी कमी पितोय.”

“नाकाला एसी दिलास. कानाला विमान. गुडघ्यांना ऑपरेशन थिएटर. लघवीला पाणी.” सरांनी पट्टी कागदात गुंडाळली. “एका घरातली माणसं आणि तू प्रत्येकाला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलंस.”

श्रेणिक टेबलाच्या कडेला टेकला. त्याला नाव माहीत होतं. गेले दोन महिने ते नाव त्याच्या डोक्यात येऊन दाराशी उभं राहायचं आणि तो कडी उघडत नव्हता.

“व्हॅस्क्युलायटिस,” तो म्हणाला.

“बाकावरच्या माणसाला सांगावं तसं सांग. मराठीत.”

“रक्तवाहिन्यांना सूज येते. शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटतं. नाकात, कानात, फुप्फुसांत... मूत्रपिंडांत. डोळ्याच्या मागे.”

“डोळा शेवटी आला तुझ्या यादीत. चांगलं आहे.”

“पण सर, तुकडा तरी काढा. खात्री तर करायला हवी.”

“करतील. नाकातून काढतील, नाहीतर मूत्रपिंडातून. तिथे पोचायला डोळ्यामागून वाट काढावी लागत नाही. रक्ताची तपासणी आहे. तुमच्याच इमारतीत, तुझ्या खालच्या मजल्यावर मोमीन बसते.”

श्रेणिकने मान खाली घातली. फरीदा मोमीन त्याला कॉलेजात दोन वर्षं मागे होती. असले आजार हेच तिचं काम. एका सभेत ती म्हणाली होती की लाल डोळ्याचा प्रत्येक पेशंट एकदा तरी खालच्या मजल्यावर पाठवा. श्रेणिक सगळ्यांसमोर म्हणाला होता, ज्यांना हात चालवता येत नाही ते रक्त तपासत बसतात. सभा खो खो हसली होती. फरीदाही हसली होती, आणि ते हसू आता त्याला लख्ख आठवलं.

“दुसऱ्या कुणाकडे...”

“तिच्यापेक्षा चांगलं कुणी असेल तर सांग. मी तिथे नेतो.”

तसं कुणी नव्हतं.

“सर, तिने मोठी औषधं सुरू केली तर महिनोन् महिने काम बंद. दोन महिने नुसत्या गोळ्या वाढवून बघू का? डोळा उतरतो त्याने. मी अशा केसेस बऱ्या केल्यात. माझ्याकडे फोटो आहेत.”

सर खिडकीपाशी गेले. बाहेर पडवीत कुणीतरी खोकलं.

“एक फोटो मीही पाहिलाय. नगरला तुझं भाषण होतं तेव्हा. आधी आणि नंतर.”

“हो, तोच! उजवा डोळा. तुम्हीच पाठवली होती ती केस. तुमच्यापेक्षा जास्त पुढे आलेला डोळा होता... म्हणजे माझ्यापेक्षा. आणि नंतरचा फोटो बघा, दोष शोधून सापडणार नाही इतका छान. मी तो जिथे तिथे दाखवतो.”

“नाव काय तिचं?”

“...”

“चेहरा कसा होता?”

श्रेणिकने आठवून पाहिलं. खूप मनापासून आठवून पाहिलं. त्याला डोळा आठवला, डोळ्याची प्रत्येक शीर आठवली. डोळ्याभोवती काही नव्हतं.

“फोटो फक्त डोळ्याचाच घेतो आपण,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“गयाबाई वाकचौरे. बाहेर त्या बाकावर बसली होती, आता ती हिरव्या लुगड्यातली बसलीय ना, तिथेच. नाकाचा बांधा खाली बसला होता. नथ घालवत नाही म्हणाली, दुखतं. मी ऐकलं. आणि मग मी म्हटलं, डोळा मोठा आहे, आपल्याला झेपायचा नाही, श्रेणिककडे जा. तो माझा सगळ्यात चांगला हात आहे.”

सरांनी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, धूळ बघावी तसं.

“नाकाचं तुला सांगायचं राहिलं माझ्याकडून. वाटलं, तू विचारशील.”

“सर, डोळा पूर्ण बरा झाला होता तिचा.”

“झाला होता.”

“मग?”

“तुझ्याकडून आल्यावर चौथ्या महिन्यात गेली. मूत्रपिंडं गेली आणि ती गेली. मी भेटायला गेलो होतो. अंगावर सूज, बोलता येत नव्हतं. मला बघितल्यावर हात उचलायचा प्रयत्न केला. त्याच डोळ्याने ओळखलं तिने मला. अगदी स्वच्छ डोळा होता.”

...

श्रेणिकने तोंड ओंजळीत झाकलं. त्याला रडू आलं. स्वतःसाठी की तिच्यासाठी, हे त्या वेळी त्यालाही सांगता आलं नसतं. सुजलेल्या डोळ्यातून पाणी यायलाही दुखत होतं. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की ‘असू दे’ म्हटलं नाही. पंचा तेवढा पुढे केला.

“तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“फोन केला होता. तू ऑपरेशनमध्ये होतास. निरोप ठेवला, तुझ्या सरांचा फोन आला होता म्हणून. तू दिवाळीला उलटा फोन केलास. शुभेच्छा दिल्यास. दिवाळीच्या दिवशी मला धीर झाला नाही. मग राहूनच गेलं.”

श्रेणिकने पंचा बाजूला ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला. फरीदाचा नंबर त्याच्याकडे होता, कधी लावला नव्हता.

“फरीदा... डॉक्टर मोमीन, मी उपाध्ये बोलतोय. वरच्या मजल्यावरचा... नाही, केस पाठवायची नाहीये. म्हणजे आहे. मीच आहे.”

मग त्याने सांगितलं. डोळ्यापासून सुरुवात केली, अडखळला, आणि पुन्हा नाकापासून सांगितलं. मग कान, गुडघे, पट्टीवरचे दोन चौकोन. पलीकडून मध्ये मध्ये एकच शब्द येत होता. तो शब्द ऐकून श्रेणिकने सरांकडे पाहिलं. सरांनी दुसरीकडे पाहिलं. फरीदा मोमीनही कधीकाळी सुट्टीत महिनाभर या बाकावर बसून गेली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“ती म्हणते लगेच निघा. आजच दाखल करून घेते. आणि गाडी स्वतः चालवू नका म्हणाली.”

सरांनी हात पुढे केला.

“किल्ली.”

“सर, तुम्ही? या वयात? पुण्यापर्यंत?”

“माझे मोतीबिंदू तूच काढलेस ना दोन्ही? चांगले काढलेस. लांबचं स्वच्छ दिसतं.”

पडवीत आल्यावर सर बाकाजवळ थांबले. आज दवाखाना बंद, उद्या या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. फेटेवाला म्हातारा उठला, आणि श्रेणिकच्या तोंडाकडे नीट निरखून बघत म्हणाला,

“पाव्हणं, नाव काय म्हणायचं?”

“श्रेणिक.”

“जावा श्रेणिकराव. बरं व्हऊन या. आमी काय, हितंच हाय.”

श्रेणिकने त्याला नमस्कार केला. त्याला त्या म्हाताऱ्याचं नाव विचारावंसं वाटलं, आणि त्याने विचारलं. म्हातारा ‘रंभाजी’ म्हणाला.

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना ऊस होता. सर हळू चालवत होते, मागचे भोंगे वाजवत पुढे निघून जात होते, सरांना त्याचं काही नव्हतं. श्रेणिक शेजारच्या सीटवर उजव्या डोळ्यावर तळहात धरून बसला होता. मांडीवर ते कापड होतं. दवाखान्यातून निघताना त्याने ते का उचललं, त्याला ठाऊक नव्हतं. आतली बाजू वर होती.

मोठा रस्ता लागला. सगळं समजलं होतं त्याला. सगळं पटलं होतं. तरी पंचवीस वर्षांचं पोट त्या डोळ्यावर होतं, आणि शेवटी त्याच्याच्याने राहवलं नाही.

“सर...”

“बोल.”

“माझा डोळा वाचेल ना?”

सरांनी गिअर बदलला. समोरून उसाची ट्रॉली येत होती, तिला वाट दिली. ती पुरती निघून गेल्यावर म्हणाले,

“गयाबाईचा वाचला होता.”